पस्तीस परत घ्या

शुभांगी,

तुझ्यावर मी अजून चिडलेली आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणी बोलता येईल. ताप अंगावर काढलास. मी ओरडले, तुझा नवरा म्हणून प्रमोद ओरडला, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानंसुद्धा गोळ्या देताना "वहिनी, रक्त तपासून घ्या" म्हणून सांगितलं. तुझं आपलं एकच, "शाळेतली मीटिंग होऊ द्या, मग जाते दवाखान्यात." मीटिंगच्या आधी तुलाच उचलून न्यावं लागलं आणि परत आणलं ते असं. एवढी हुशार बाई, दिव्यांग मुलांच्या कायद्यातली कलमं तोंडपाठ, आणि स्वतःच्या काखेत थर्मामीटर लावायला हिला वेळ नाही. याला काय म्हणायचं ते तूच सांग.

दहाव्याला गोदावरीवर पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. ठेवतोय न ठेवतोय तोच. तुझ्या माहेरच्या बायका डोळे पुसत म्हणाल्या, "सुटली बाई. कशातच जीव आडकला नव्हता तिचा." मला त्या घाटावर हसू फुटायची वेळ आली. तुझा जीव अडकला नव्हता? नववी ब च्या वर्गात, तुझ्या इशूच्या खिडकीकडच्या बाकावर तो चांगला गुंतून बसला होता, हे आपल्या सगळ्या कॉलनीला माहीत होतं. मी पदर तोंडाला लावला, लोकांना वाटलं रडतेय. मग खरंच रडू आलं.

मीटिंग झाली, शुभांगी. तेच सांगायला बसले आहे. तेरावा व्हायच्या आत झाली. घरातल्या मोठ्या माणसांनी नाकं मुरडली, "दुखवट्याच्या घरातून कुणी शाळेत जातं का?" शाळेतूनही निरोप होता, "सावकाश या, घाई नाही." पण मी उभा जन्म शाळेत काढलेली बाई आहे. शाळेत 'सावकाश' म्हणजे काय ते मला कळतं. सावकाश म्हणजे आधी स्नेहसंमेलन, मग सहल, मग दहावीचा सराव, आणि मग वार्षिक परीक्षा येऊन उभी राहते. आपल्या इशूची नववी तिथंच संपली असती.

ही सगळी सुरुवात तुझ्या त्या पस्तीस मार्कांपासून झाली. सहामाहीचा निकाल लागला तो दिवस आठव. इशू पास. सगळ्या विषयांत पस्तीस. प्रमोद ड्यूटीवरून येताना पेढे घेऊन आला होता. त्याच्या दृष्टीनं गंगेत घोडं न्हालं होतं. आठवीपर्यंत कुणाला अडवत नाहीत, खरी भीती नववीची, आणि पोरगी तरली. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू. इशूचं डोकं सावकाश चालतं हे ती तीन वर्षांची असल्यापासून आपल्याला ठाऊक. डॉक्टरांनी त्याला मोठं नाव दिलं, शेजारपाजाऱ्यांनी छोटं आणि वाईट. तू म्हणायचीस, "माझी लेक पॅसेंजर हाय. दर स्टेशनाला थांबती, पण पोचती." अशा पोरीला सगळीकडे पस्तीस म्हणजे मला तरी पेढ्याचंच काम वाटलं.

तू निकाल वाचलास आणि विचारलंस, "इतिहासात पण पस्तीस?"

"हो की," प्रमोद म्हणाला.

"इतिहासाच्या पेपराला ती घरी होती. गालगुंडं झाली होती तिला."

खरंच की. दोन्ही गाल फुगलेले, मफलर गुंडाळून इशू दिवसभर खिडकीत बसली होती. पेपर दिलाच नव्हता तिनं. प्रमोद हसायला लागला. "अगं, दिलेत ना त्यांनी? घे की गुपचूप. लोक एकेका मार्कासाठी रडतात." तूही आधी हसलीस. मग तुझा चेहरा बदलला. रागावलीस की तुझं माहेरचं सायखेडं बाहेर यायचं, तसं आलं.

"ताई, ही असली तरी पस्तीस, नसली तरी पस्तीस. मग माझी पोरगी हाय कुठं?"

माझ्या हातात पेढा होता.

दुसऱ्या दिवशी तू शाळेत गेलीस आणि मुख्याध्यापकांना सांगितलंस, "तिचे पस्तीस परत घ्या." माझ्या नोकरीत मार्क वाढवून मागायला आलेले पालक मी पोत्यानं पाहिलेत. रडणारे, ओरडणारे, पुढाऱ्याची चिठ्ठी आणणारे. मार्क परत करायला आलेली तू पहिलीच. सरांना आधी वाटलं चेष्टा करते. मग वाटलं भांडायला आली. तू काय मागत होतीस ते तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्यांच्या डोक्यात शिरलं. तिच्या पातळीचा पेपर काढा, लिहायला वेळ जास्त द्या, फिरत्या विशेष शिक्षिका येतात त्यांना तिच्या शेजारी बसू द्या, आणि मग जे काय मिळतील ते खरे मार्क द्या. आठ मिळाले तर आठ. त्यासाठीच सरांनी ती मीटिंग ठेवली.

त्या संध्याकाळी आपण भांडलो. भांडण आपल्याला नवीन नव्हतं, नणंद-भावजय आहोत, पण ते भांडण अर्धंच राहिलं आणि ते मला टोचतं. मी म्हटलं, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. उद्या याच लोकांच्या हातात पोरीला द्यायचंय. वर्गात साठ पोरं, त्यातली चार बाकाखाली आणि दोन खिडकीत, त्यात एका बाईनं इशूसाठी वेगळा पेपर कधी काढायचा? मला माहीत आहे म्हणून सांगते. जरा गोड बोलावं, "सांभाळून घ्या" म्हणावं. अडला हरी गाढवाचे पाय धरी.

"आणि तुमीबी शाळेतल्याच बाई ना?" तू म्हणालीस. "मग गाढव कोण ठरलं, ताई?"

मी हसले. तू नाही हसलीस. "सांभाळून घ्या" हा शब्द मी उच्चारला होता ना.

तो शब्द तुला का लागायचा ते मला तुझ्या लग्नापासून माहीत. पाठवणीच्या वेळी तुझे आप्पा माझ्या आईपुढे हात जोडून उभे राहिले. सगळेच बाप राहतात. "पोरीचं काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या." माझी आई म्हणाली, "अहो, लेकीसारखी सांभाळू," आणि मंडपातल्या सगळ्या बायकांनी डोळे पुसले. तू मात्र भरजरी शालूत मान ताठ करून उभी होतीस. पुढं कितीतरी महिन्यांनी, भाकरी थापता थापता मला म्हणालीस, "मला सांभाळून घ्यायला मी काय तडा गेलेली बरणी हाय? बी.कॉम. झालेली पोरगी हाय. आप्पांनी 'हिला बँकेची परीक्षा देऊ द्या' म्हणायला पायजे होतं. हात जोडलेच होते तर कामाचं काहीतरी मागायचं." ती परीक्षा तू कधी दिली नाहीस. सगळ्यांनी तुला फार छान सांभाळलं.

म्हणून इशूच्या शाळेत हा शब्द वापरायची आम्हाला बंदी होती. बालवाडीत आम्ही तिला सोडायला गेलो, प्रमोदनं सवयीनं सुरुवात केली, "जरा सांभाळून..." आणि तू त्याचा शर्ट मागून ओढलास. "शिकवा म्हणा," हळूच म्हणालीस. "सांभाळायला घर हाय." घरी आल्यावर मी तुझी टर उडवली होती. आता दोन शब्दांत असा काय फरक, आपलं मराठी आहे, कसंही बोला, अर्थ पोचतो. तू म्हणालीस, "पोचतो म्हणून तर."

आता मीटिंग.

सकाळी इशूच्या वेण्या मी घातल्या. तुझ्यासारख्या घट्ट होत नाहीत, रिबन शाळेत पोचायच्या आत सुटली. तिनं आरशात बघितलं आणि दप्तर उचललं. सायखेड्याहून आप्पा पहिल्या एसटीनं आले होते, पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, हातात पिशवी. प्रमोदचं डोकं भादरलेलं. अशी आमची वरात सरांच्या ऑफिसात जाऊन बसली. बघूनच कुणालाही दया यावी. सरांना आलीच. ते तुझ्या अंत्यविधीलाही आले होते, बरं का. वाईट माणूस नाही. माझी पंचाईत तीच होती. वाईट माणूस असता तर मी एका वाक्यात सरळ केला असता.

वर्गाच्या बाई एका खुर्चीत अवघडून बसल्या होत्या. तरुण मुलगी आहे, अजून कायमही झालेली नाही. चहा आला. सर तुझ्याबद्दल चांगलं बोलले. "फार जागरूक पालक होत्या," म्हणाले. 'जागरूक' म्हणताना किंचित थांबले. तू त्यांना किती छळलं असशील ते त्या थांबण्यात मला दिसलं, आणि अशा प्रसंगातही तुझा अभिमान वाटला.

मग आप्पा उठले. कुणी काही बोलायच्या आधीच. टोपी काढून टेबलावर ठेवली आणि हात जोडले.

"साह्यब, बिनआईचं लेकरू हाय. आमचं काय चुकलंमाकलं आसंल, आमच्या शुभीनं काय कमीजास्त बोललं आसंल, तर पोटात घाला. लेकराला सांभाळून घ्या."

तोच माणूस, तेच हात. केस तेवढे पांढरे झाले. मी तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघायला गेले, तर खुर्ची रिकामी नव्हतीच, तिथं इशू बसली होती.

सरांचे डोळे भरले. ते उठून आप्पांचे हात खाली करायला लागले. "बाबा, हे सांगायला पाहिजे का? बसा, बसा. आम्ही आहोत ना. शुभांगी मॅडमनी ते मार्कांचं काढलं होतं, ते आता विसरून जाऊ. तिला आता कशाचाच ताण नको. रोज यायचीही सक्ती नाही. घरी राहू द्या, आजोबांकडे गावाला राहू द्या, हवापालट होईल. नाव पटावर राहील, हजेरी आम्ही बघून घेऊ. परीक्षेपुरतं आणून बसवा. नववी पास, दहावीला फॉर्म भरू. सांभाळून घेऊ हो."

"उपकार होतील सर," प्रमोद म्हणाला. त्याचा आवाज फुटला.

शुभांगी, मी तुला खरं सांगते, त्या खोलीत त्या क्षणी सगळे सुखी होते. आप्पांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं होतं. प्रमोदला शिफ्ट सांभाळून पोरीचं कसं करायचं याचा घोर लागला होता, तो मिटला होता. वर्गाच्या बाईंनी श्वास सोडला. आणि पोरगी शाळेतून गेलेली होती. कुणीही तिला काढलं नव्हतं. सगळ्यांनी मिळून, डोळ्यांत पाणी आणून, तिला घरी पाठवलं होतं.

हो म्हटलं असतं तर मी चांगली आत्या ठरले असते. आणि माझं म्हणणं काय होतं एवढी वर्षं? गोड बोला. बघ, गोड बोलल्यावर काय मिळालं ते ताटात वाढून समोर आलं होतं.

"नको सर," मी म्हटलं.

"नको म्हणजे?"

"घरी नको. रोज येईल. आणि पास करू नका तिला."

प्रमोदनं वळून बघितलं. "ताई, तू गप बस."

"पास करू नका म्हणजे असंच करू नका. शिकवा, तिच्या पातळीचा पेपर द्या, वेळ द्या, मग तपासा. त्यात राहिली तर राहिली."

"ओ ताई, काय बोलून राहिले तुमी," आप्पा म्हणाले. मारल्यासारखं तोंड झालं त्यांचं.

सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतः शिक्षिका आहात. वस्तुस्थिती तुम्हाला माहीत आहे."

"आहे ना. म्हणूनच सांगते."

तेवढ्यात वर्गाच्या बाई बोलल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "म्हणजे मी तिला काही करत नाही असं म्हणायचंय का? रोज तिची वही मी घेते. रोज 'छान' लिहून देते. वर्षभरात एका शब्दानं तिला बोललेली नाही मी. बाकीच्यांना छड्या... म्हणजे, बाकीच्यांना ओरडते मी. तिला कधी ओरडले का विचारा."

"तिलाच विचारू," सर म्हणाले. मला वाटतं त्यांनाही सुटका हवी होती. खुर्ची पुढे ओढून त्यांनी मऊ आवाजात विचारलं, "ईश्वरी बाळा, तुला घरी राहायचं की शाळेत यायचं?"

इशूचं तुला माहीत आहे. प्रश्न कानात जातो, मग आत कुठंतरी उतरतो, मग उत्तर निघतं. पंखा फिरत होता. प्रमोदनं तोंड उघडलं, "ती काय..." आणि मी टेबलाखालून त्याचा हात गच्च धरला. सर म्हणाले, "बघा, तिला प्रश्नच..." मी म्हटलं, "थांबा सर." बाहेर सुटीची घंटा झाली, पोरांचा कालवा उठला. आप्पा टोपी हातात घेऊन तिच्याकडे बघत होते. मलाच धीर धरवेना. तिनं 'घरी' म्हटलं असतं तर? आई गेलेलं पोर, 'घरी'च म्हणेल. मग माझ्याजवळ काही उरत नव्हतं.

"मी कालचंच पान दाखवलं," इशू म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही.

"कुठलं पान, बाळा?"

"वहीतलं. कालचं. बाईंना परत दाखवलं. बाईंनी परत छान लिहिलं." मग, "परवा पण."

आपल्या लेकीनं, तू असतानाच, बाईंची परीक्षा घेतली होती, शुभांगी! पान तेच, 'छान' तीनदा. आम्ही मोठी माणसं कायदे आणि पातळ्या बोलत होतो आणि ही पोरगी एकटीच, कुणाला न सांगता, आपण वर्गात आहोत की नाही ते तपासून बघत होती. मी तुला शोधलं त्या खोलीत. असं ऐकलं की आपण दोघी एकमेकींकडे बघायचो ना, तशी माझी मान आपोआप वळली.

वर्गाच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "साठ मुलं आहेत हो माझ्याकडे," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे मला," मी म्हटलं. आणि मला खरंच माहीत होतं. त्या मुलीचा मला राग नाही आला. तू असतीस तर तिला सोलून काढलं असतंस. इथं माझं तुझं पटत नाही आणि पटणारही नाही.

शेवटी सरांचा सूर बदलला. इतका वेळ मऊ होता तो सरकारी झाला, आणि मला बरं वाटलं. "ठीक आहे. रोज पाठवा. वही तपासली जाईल. विशेष शिक्षिका आठवड्यातून जेवढ्या वेळा येतील तेवढ्या वेळा तिच्याकडे बसतील. सवलती नियमाप्रमाणे मिळतील. पण मग मार्क खरे. वार्षिकला राहिली तर पुन्हा कुणी माझ्याकडे यायचं नाही."

"नाही येणार," मी म्हटलं.

प्रमोद उठून बाहेर गेला. शाळेच्या फाटकाशी त्यानं मला गाठलं. "तिला मिळत होतं ते तू घालवलंस. नापास झाली ना, तर मला तोंड दाखवू नको, ताई." तो बरोबर आहे की मी, हे आज मला माहीत नाही. वार्षिकला ती राहू शकते. तू रोज तिला घेऊन बसायचीस, तो वेळ आता कुठून आणायचा? मला तुझ्यासारखी चिकाटी नाही, मी लवकर चिडते. या पोरीचं एक वर्ष मी पणाला लावलंय आणि तुझ्या जिवावर लावलंय, तू नसताना.

आप्पांना मी रिक्षानं स्टँडवर सोडायला गेले. एसटीत चढायच्या आधी म्हणाले, "आमी हात जोडायचे नाय तर काय करायचं, ताई? आमाला दुसरं काय येतं?" मी त्यांची पिशवी वर दिली. शुभांगी, हे तुझ्याशी बोलायचं राहून गेलं. तुला त्या हातांचा राग होता आणि तो खराच होता. पण माझ्या आईपुढं काय किंवा सरांपुढं काय, ते हात तुझ्यासाठी आणि तुझ्या पोरीसाठीच जोडलेले होते. आपली माणसं परक्यांच्या हवाली करताना त्यांना तेवढं एकच माहीत होतं. तू त्यांना हे कधीतरी बोलून दाखवलं असतंस, ते तुझ्यावर ओरडले असते, बरं झालं असतं. तू नुसती मान ताठ ठेवलीस. त्यांना अजून माहीत नाही की त्यांचं काय चुकलं.

आणि आपला दुसरा वाद, विशेष शाळेचा, तोही तसाच पडला आहे. मी म्हणायचे, दहावीचा अट्टहास सोड, तिथं दहा पोरांना एक बाई आहे, पोरगी हाताचं काम शिकेल, मैत्रिणी मिळतील. तू म्हणायचीस, "तिथं वाईट नाय, ताई. पण आपण तिथं तिच्यासाठी पाठवतो का आपली सुटका म्हणून पाठवतो, ते आधी ठरवा." मी अजूनही म्हणते, तिथं जाऊन बघायला हरकत नव्हती. तू एकदा तरी बघून यायचं होतंस. आता मी एकटी जाऊन बघणार, आणि घरी येऊन कुणाशी भांडणार? तुझ्याशी भांडायची मला इतकी सवय झाली होती की तुझ्याशिवाय माझं मतच पूर्ण होत नाही. हे तुला जिवंतपणी सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "बरं वाटतंय ना ताई, का ताप-बिप आलाय?" म्हणून राहिलं ते.

तू या घरात आलीस म्हणून मी सुधारले, असलं मी म्हणणार नाही. पण तू आलीस म्हणून मला मजा आली, हे नक्की. तुझ्याआधी या घरात सगळे एकमेकांना फक्त सांभाळून घेत होते.

आजचं सांगते आणि थांबते. आज दुपारी इशू शाळेतून आली ती दारातच पायरीवर बसली. बूट काढीना. डोळे रडून लाल. मी पाणी नेलं, घेईना. प्रमोदची रात्रपाळी, तो आत झोपला होता, तो उठून आला. माझ्याशी बोलत नाही, म्हणून तिलाच विचारलं, "काय झालं?"

ती म्हणाली, "बाई ओरडल्या."

"का?"

"भूगोलाचं लिहिलं नाही. उभं केलं."

प्रमोदचा चेहराच बदलला. "बिनआईच्या पोरीला उभं करतात? थांब, बघतोच आता." तो चप्पल शोधायला लागला. माझीही जीभ तयार होती, खोटं का बोलू.

"पाच जण होतो," इशू म्हणाली. बोटं मोजून नावं सांगितली, चार इतरांची आणि पाचवं स्वतःचं. स्वतःचं जरा जोरात.

प्रमोद एक पाय चपलेत घालून तसाच उभा राहिला.

"पप्पा, नको जाऊ. उद्या परत उभं करतील. मला लिहायचंय."

त्यानं चप्पल काढली. माझ्याकडे बघितलं. त्या दिवसापासून पहिल्यांदा मला एक वाक्य बोलला, "कुठला धडा आहे, बघ." मग तिघंही फरशीवर बसलो. ती एकेक अक्षर लावत लिहिते आहे. मध्येच पेन्सिल चावते, मध्येच पुसते. तिसऱ्या ओळीत नदीचं नाव चुकलंय. प्रमोद सांगायला निघाला होता, मी त्याला थांबवलं. उद्या ते बाईंना सापडू दे.